एका म्यानात दोन प्लगइन

चित्रकलेच्या मास्तरांच्या बायकोची चार वाजता ऑनलाइन मुलाखत होती, आणि तीन वाजता संगणकाने तिचा चेहरा दाखवायला साफ नकार दिला. ब्राउझरमध्ये एक पिवळी पट्टी आली : कॅमेरा चालण्यासाठी नवं प्लगइन बसवा.

मास्तरीणबाई अकरा वर्षं घरबसल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करत होत्या. कायमची नोकरी पहिल्यांदाच दारापर्यंत आली होती. त्यांनी पट्टी नीट वाचली आणि जे करायला नको तेच केलं. नवऱ्याला हाक मारली.

मुख्याध्यापकांच्या प्रिंटरची निघालेली वायर परत खोचून दिल्यापासून मास्तर संगणकातले जाणकार समजले जात. समजणाऱ्यांत ते स्वतः आघाडीवर होते.

"सोप्पं आहे," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. संगणकाने कळवलं, जुनं प्लगइन आधीच बसलेलं आहे, दोघं एकत्र नांदणार नाहीत.

"एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील?" मास्तरांनी समजावलं आणि जुनं काढायला 'हो' दाबलं.

"अरे, जुनं चालत होतं ना?" कोपऱ्यात वाटाणे सोलत बसलेल्या आईने विचारलं.

"आई, तू वाटाणे सोल."

जुनं गेलं, पण जाताना आवाज घेऊन गेलं. आता मास्तरीणबाई दिसत होत्या, पण मुक्या. आवाज परत आणायला गेले, तर नवं प्लगइन आडवं आलं. म्हणून मास्तरांनी तेही उपटलं. आवाज तर आला नाहीच, चेहराही गेला.

"तेलही गेलं, तूपही गेलं," आई वाटाण्यांना म्हणाली.

साडेतीनला मास्तरांना इंटरनेटवर सहा वर्षांपूर्वीचा एक उपाय सापडला. खाली एकाने 'धन्यवाद, चाललं' असं लिहिलं होतं आणि चौघांनी 'माझं सगळं गेलं' असं. मास्तर मुळातच आशावादी. त्यांनी एकावर विश्वास ठेवला आणि ती ओळ जशीच्या तशी टाइप केली. पडद्यावर भली मोठी यादी सरकू लागली.

"अहो, थांबा. एकशे बारा गोष्टी काढून टाकणार म्हणतोय तो. आणि खाली लिहिलंय, आपण काय करत आहोत याची खात्री असेल तरच पुढे जा."

"ते नुसतं घाबरवायला लिहितात गं."

"असली वाक्यं मीच लिहिते. घाबरवायला नाही लिहीत."

तोवर 'हो' दाबून झालं होतं. आधी ब्राउझर गेला, मग खिडक्या, मग खालची पट्टी. शेवटी काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी डोळे मिचकावत उरली.

"झालं का रे?" आईने विचारलं.

"होत आलंय."

चारला दहा मिनिटं होती. मास्तरीणबाई उठल्या. शेजारच्या खोलीत जाऊन त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि मुलाखत घेणाऱ्या बाईंना सरळ सांगितलं, "माझा संगणक बंद पडलाय."

"अगबाई, बरं झालं तुम्हीच फोन केलात! आमचाही सकाळपासून काळाठिक्कर पडलाय. साहेब स्वतःच ते नवं प्लगइन बसवायला बसले होते. फोनवरच बोलू या का?"

चाळीस मिनिटं झकास बोलणं झालं. मास्तर दाराआड उभे राहून ऐकत होते. शेवटी त्या बाई जरा अवघडून म्हणाल्या, "एक विचारू? आमचा संगणकवाला रजेवर आहे. तुमच्या घरी कोणी जाणकार आहे का हो? साहेबांना फोनवरून दोन गोष्टी सांगितल्या तरी चालेल."

मास्तरांनी कॉलर नीट केली आणि एक पाऊल आत टाकलं. मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"नाही हो," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "आमच्याकडे तसं कोणीच नाही."

आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. ते हाताने लिहिलेलं होतं.