चटणीतलं संगनमत

शाहूपुरीत प्रभुलिंग आणि आप्पासो यांची चटणीची दुकानं समोरासमोर. वर्षानुवर्षं दोघांचा दुपारचा चहा प्रभुलिंगच्या पायरीवर व्हायचा. मग घरपोच मालाचं ॲप आलं, आप्पासो न सांगताच त्यात शिरला आणि चहा बंद पडला. चार वाजले की प्रभुलिंगला अजूनही आप्पासोची आठवण यायची. पण सांगणार कुणाला?

शेवटी तोही ॲपवर गेला. तिथं भाव आपोआप ठरवायची सोय होती. शहाणे दुकानदार तिथं 'शेजाऱ्यापेक्षा एक रुपया कमी' असं टाकतात. प्रभुलिंगनं 'आप्पासोपेक्षा एक रुपया जास्त' असं टाकलं.

"कमी का न्हाय, बाबा?" वकिली शिकणाऱ्या शांभवीनं विचारलं.

"माझी चटणी त्याच्यापेक्षा हलकी हाय व्हय?"

पलीकडे आप्पासोनंही तेच केलं होतं. स्वाभिमान काय एकट्याचा असतो? दोन्ही भाव एकमेकांवर कुरघोडी करत चढले आणि आठवड्याभरात चटणी मटणापेक्षा महाग झाली. कोल्हापूरकर बाकी काहीही सोसेल, हे नाही. तक्रार पार दिल्लीला गेली आणि चौकशीला एक साहेब आले.

"युरोपात असल्या ॲपला आधीच नियम घालून बांधत्यात," शांभवी म्हणाली. "आपल्याकडं सगळं झाल्यावर चौकशी."

"आधीच बांधायला पायजे हुतं," प्रभुलिंग म्हणाला. तो रिकाम्या पायरीकडे बघत होता.

साहेबांनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. "भाव वाढवायला तुमचं संगनमत होतं?"

"संगनमत कुठलं, साहेब? ॲप आल्यापासनं ह्यो माझ्याशी बोलल्याला न्हाय," आप्पासो म्हणाला.

"तू बोललास व्हय?" प्रभुलिंग म्हणाला. कित्येक महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं संभाषण.

साहेबांनी दोघांचे मोबाइल तपासले, गल्लीत विचारपूस केली. मग म्हणाले, "घोळ ॲपच्या सोयीचा आहे. तुमच्यात संगनमत अजिबात नाही."

शांभवी खूश झाली. प्रभुलिंग मात्र खुर्चीत पुढे सरकला.

"नीट बघा की, साहेब," तो म्हणाला. "थोडं तरी निघंल."

आप्पासोनं टोपी काढून पुन्हा घातली.

"साहेब, आता नव्यानं केलं तर चालंल काय?" त्यानं विचारलं.

"भावाचं?"

"न्हाय वो. चहाचं."