अध्यक्ष रडले!

बैठकीला अजून अर्धा तास होता, म्हणून मी ठरवलं की राहिलेला सिनेमा तेवढ्यात बघून टाकावा. बस, एवढंच ठरवलं. पुढे जे झालं त्यात माझा हात नाही. डोळे आहेत.

आधी ओळख करून देतो. मी किसनराव. बोरी अरबच्या अलीकडे आमचं गाव. तिथे माझी पिठाची चक्की आहे, थोडं वावर, म्हणजे शेत आहे, आणि मी गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. गावातली भांडणं गावातच मिटावीत, ठाण्यात जाऊ नयेत, म्हणून ही समिती. ग्रामसभेत माझं नाव सुचवणाऱ्याने कारणही सांगितलं होतं, "किसनरावचा चेहरा पाह्यला का माणूस भांडाचं इसरून जाते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. (मी ते कौतुक समजलो. खुलासा नंतर आमच्या घरून, म्हणजे बायको बेबीताईकडून झाला.) चेहरा लहानपणापासून असाच आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत मी नवरीला अटक करून नेतोय असं वाटतं.

हा चेहरा पन्नाशी ओलांडल्यावर अचानक गळायला लागला.

पहिल्यांदा झालं ते टीव्हीसमोर. आमची मोनाली यवतमाळला शिकते, ती सुटीत घरी आली होती. तिघं मिळून सिनेमा बघत होतो. हिरो मेला, मला काही नाही. हिरोईनचा बाप मेला, मी शेंगदाणे खात होतो. शेवटी पोलीस व्हिलनला धरून नेतात, मागून त्याची म्हातारी आई धापा टाकत येते, त्याच्या हातात डबा देते आणि म्हणते, "जेवून घे रे." झालं! माझ्या घशात शेंगदाणा अडकला असं मला वाटलं. शेंगदाणा नव्हता.

"बाबा, तुम्ही रडून राह्यले?" मोनालीने टीव्ही सोडून माझ्याकडे बघायला सुरुवात केली.

"पीठ गेलं डोळ्यात."

"चक्की त कालपासून बंद हाये," बेबीताई म्हणाली.

"कालचंच गेलतं. आता पोचलं."

त्यानंतर ताळतंत्रच राहिलं नाही. कार्टूनमधलं एक कासव रस्त्याच्या अलीकडे एकटंच राहून गेलं, मी दुपारी जेवलो नाही. एका पिक्चरमध्ये फक्त पोस्टमनची सायकल चोरीला गेली, मी न्हाणीत जाऊन नळ सोडून बसलो. शेवटी बेबीताईने मला दारव्ह्याला डॉक्टरकडे नेलं.

"डॉक्टरसाहेब, हे सिनेमा पाहून रडते."

"असं काय असतं त्या सिनेमात?"

बेबीताईने डब्याचा सीन सांगितला. "जेवून घे रे"पाशी आल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि घसा खाकरून म्हणाले, "वयाने होतं असं." गोळी दिली नाही. पुढच्या पेशंटला मात्र बराच वेळ आत बोलावलं नाही.

मी बेबीताईला बजावून ठेवलं, हे घराबाहेर जाता कामा नये. अध्यक्ष कासवासाठी रडतो हे कळल्यावर गावात कोण कोणाला भिणार?

आणि नेमकं तेव्हाच गुलाबसिंग आणि धनसिंगचं प्रकरण पेटलं.

हे दोघं सख्खे भाऊ, गावाला लागून असलेल्या बंजारा तांड्यावरचे. बापाचं वावर वाटून घेतलं आणि मधला धुरा, म्हणजे बांध, तेवढा दोघांचा राहिला. थोरला गुलाबसिंग म्हणे, धाकटा दरसाल एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत नांगरतो. धाकटा धनसिंग म्हणे, थोरला दोन तास नांगरतो. कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. त्यांची आई तुळसाबाई एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे राहायची. बोचकं काखेत घेऊन म्हातारी गल्ली ओलांडताना दिसली की गावाला कळायचं, महिना बदलला. आता मात्र कुऱ्हाडी बाहेर निघाल्या होत्या. शेजारच्यांनी धरलं म्हणून निभावलं. माझ्या चेहऱ्याचा प्रयोग आधी दोनदा झाला होता, त्याने दोघं जास्तच भडकले. त्या दिवशीची बैठक शेवटची. मिटलं नाही तर सकाळी दोघंही ठाण्यात जाणार, आणि ठाण्याच्या आधी काय होईल याचा नेम नव्हता.

अशा बैठकीच्या आधी मी चक्कीमागे पोत्यावर बसून, कानात मोनालीचा इअरफोन घालून, गाढवाचा सिनेमा बघत होतो.

हसू नका. एक कुंभार असतो, त्याचं एक गाढव असतं. अडचणीत तो ते विकतो. इथवर आदल्या दिवशी बघून झालं होतं. आता म्हातारं गाढव एवढ्या वर्षांनी, कुठून कुठून चालत, त्याच जुन्या दारापाशी येऊन उभं राहिलं. आणि कुंभार आंधळा झालेला! गाढव समोर उभं, पण याला दिसतच नाही. तो "कोण हाय?" विचारतो. गाढव काय सांगणार? मग म्हातारा हात पुढे करतो, हात त्याच्या कानाला लागतो, आणि…

तेवढ्यात समितीचे देवसिंग धावत आले. "अध्यक्ष, चाला लवकर! दोघं बी आले. वातावरण लय खराब हाये!"

मला उठावं लागलं. रस्ताभर मी गमछ्याने डोळे पुसत होतो आणि ते भरत होते. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये शिरलो तेव्हा एका भिंतीला गुलाबसिंगची माणसं, दुसऱ्या भिंतीला धनसिंगची, मध्ये जमिनीवर तुळसाबाई, दारात बायका. आरडाओरडा चालू होता. माझ्याकडे बघितलं आणि सगळे गप्प झाले.

"अध्यक्ष, तब्येत बरी हाये ना?" कोणीतरी विचारलं.

'पीठ गेलं' म्हणायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं, "गाढव…"

गुलाबसिंग ताडकन उठला. "गाढव कोणाले म्हणून राह्यले?"

"बिचारं… इतक्या वर्सानं… दारापाशी येऊन उभं राह्यलं…" मला थांबताच येईना. "आन् त्याले दिसतच नाही वो! समोर उभं हाये, त दिसत नाही!"

धनसिंगचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "तुमाले कोणं सांगतलं?"

"म्या सोता पाह्यलं!" (खरंच पाहिलं होतं. मोबाईलवर.)

"दिवाळीले गेलतो मी," धनसिंग खाली बघत बोलू लागला. "मोठ्या भियाच्या दारापर्यंत गेलतो. उभा राह्यलो. हा खाटेवर बसून होता. यानं तोंड फिरवलं, मी वापस आलो. कोणाले सांगतलं नाही. गाढवच हाये मी."

"मी पाह्यलं होतं तुले," गुलाबसिंग म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता त्याचा. "दिसला होता तू मले. बोललो नाही, एवढंच."

आणि मी? मी अजून कुंभाराच्याच अंगणात होतो. "शेवटी त्यानं कानावर हात ठेवला," मी हुंदका देत म्हणालो, "बस, कानावर हात ठेवला आन् वळखलं!"

आता मात्र गुलाबसिंगचा बांध फुटला. "याचा कान ठणके लहानपणी! याडी, आमची माय, मजुरीले जाये, त मीच हात ठेवून बसो याच्या कानावर. अध्यक्ष, हे बी तुमाले मालूम हाये?"

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली होती, पण रडणाऱ्या माणसाची मान कशी हलते ते कोणाला कळतं?

धनसिंग "भिया!" म्हणून धावला, आणि थोरल्याने खरोखर त्याचा कान धरला, मग डोकं छातीशी धरलं. तुळसाबाई दोघांच्या पाठीवर बुक्क्या मारत रडत होती. देवसिंग रडत होते. दोन्ही भिंतींची माणसं हॉलच्या मध्यात येऊन एकमेकांच्या गळ्यात पडली. मी चाचरत विचारलं, "धुऱ्याचं काय कराचं?"

"धुरा गेला चुलीत!" दोघं एकदम म्हणाले. "दोन्ही वावरं एकच!"

तेव्हा मी पुन्हा रडलो. या वेळचं रडू माणसांसाठीचं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. अख्ख्या हॉलमध्ये एकच व्यक्ती कोरडी होती. दारात उभी असलेली बेबीताई. ती माझ्या गळ्यात लोंबणाऱ्या इअरफोनच्या वायरकडे एकटक बघत होती.

बातमी पंचक्रोशीत पसरली. 'अध्यक्ष तंट्यासाठी स्वतः रडले!' लोक लांबून येऊ लागले. पार मुकुटबनहून एक जण बस बदलत बदलत सासऱ्याला घेऊन आला आणि माझ्यासमोर बसवून म्हणाला, "आमच्यासाठी बी थोडंसं रडा ना साहेब." यवतमाळला माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. पाहुणे म्हणाले, असा हळवा माणूस प्रत्येक गावात हवा. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या चेहऱ्याकडे बघून हसलं, आणि फोटोत पहिल्यांदाच मी कोणाला अटक करत नव्हतो.

पण मनात ते गाढव टोचत होतं. एक दिवस तुळसाबाई दळण घेऊन आली तेव्हा मी तिला खरं ते सांगून टाकलं. म्हातारी ऐकत राहिली. म्हणाली, "गाढवासाठी रडला न बावा? मंग माणसासाठी त रडशीनच. दाखव मले बी."

मी मोबाईलवर पूर्ण सिनेमा दाखवला. शेवट आला, मी गमछा डोळ्याला लावला. तुळसाबाई ठणठणीत. म्हणाली, "कुंभारानं पह्यलेच इकलं कायले पन?" आणि पिठाचा डबा उचलून चालती झाली. पण जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. तेवढ्यावर माझा आठवडा गेला.

आता मी चक्कीवर उघडपणे सिनेमे बघतो. गिऱ्हाईकंही थांबतात. कोणाच्या डोळ्यात पाणी आलं की मीच म्हणतो, "पीठ गेलं असन," आणि भल्यामोठ्या मिशीवाले लोक माझ्याकडे कृतज्ञतेने बघतात.

परवा पेरणीच्या आधी वावरात गेलो. माझं वावर त्या भावांच्या वावराला लागून आहे. बघतो तर दोघं एकाच ट्रॅक्टरवर, एक चालवतोय, एक मडगार्डवर, गाणी म्हणत नांगरणी चाललेली. मला बघून दोघांनी हात उंच केले, "राम राम, अध्यक्ष!" मीही हात उंच केला. मग पायाखाली बघितलं. माझा धुरा नव्हता. एकोप्याच्या आनंदात दोघांनी मिळून माझ्याकडचे चांगले दोन तास ओढून घेतले होते.

धावत घरी आलो. बेबीताई टीव्हीसमोर बसली होती.

"बेबे, त्याइनं माया धुरा कोरला वो! दोघांनी मिळून!" माझा आवाज फुटला. डोळे तर आधीच भरले होते.

तिने टीव्हीवरची नजर काढली नाही.

"मंग मले कायले सांगता? आपल्या गावात तंटामुक्तीचे अध्यक्ष हायेत न. लय हळवे हायेत म्हणते. त्याइच्यापाशी जाऊन रडा."