जावयाचा कोंबडा

दौलूभावजींच्या अंगणात पाऊल टाकलं की पहिली हाक ठरलेली. "वैनी, दमानं! जावयाचा कोंबडा दाणं टिपतोय. बिचकंल की!" मग डोक्यावर पाटी घेऊन उन्हात उभं राहायचं, कोंबडेमहाराजांचं जेवण होईपर्यंत!

मी त्यांची बांधाशेजारची. बिद्रीच्या अलीकडं त्यांचा मळा, आमचा मळा, मध्ये एक शेवगा. त्या शेंगांवरून आम्ही जन्मभर भांडलो. माणूस तऱ्हेवाईकच. उन्हाळ्यात वांग्यांना पाणी पाजताना त्यांची ख्यालीखुशाली विचारणार आणि दोडक्याला झापणार, "नुसतीच पानं काढतोस व्हय रं? ऐतखाऊ!"

पण खरं वेड कोंबड्याचं. लेक शालन कबनूरला दिली, तेव्हाच खुराड्यातलं सगळ्यात तरतरीत पिल्लू त्यांनी बाजूला काढलं. "ह्यो जावयाचा." आमच्याकडं जावई आला आणि कोंबडा कापला नाही, तर गावात नाक राहत नाही. सगळं खरं, पण जावई यायला तर हवा! त्याचे घरचे कापडाचे माग. दर उन्हाळ्याला निरोप यायचा, "माग बंद ठिवून कसं येऊ?" तो नाही म्हणून शालन नाही. आली तर उभ्या उभ्या, आईच्या दिवसकार्याला आली तशी.

शालनची आई गेल्यावर त्या घरात माणूस एक आणि कोंबडा एक. भावजी कट्ट्यावर भाकरी खायचे, एक तुकडा स्वतःला, एक त्याला. कोंबड्याचा तुरा लोंबला, एक डोळा गेला. मी म्हटलं, "भावजी, आता हा शिजायला गाडीभर लाकडं लागतील."

"म्हातारा म्हनू नगा. मुरलाय त्यो."

एका वैशाखात मात्र निरोप आला, रविवारी दोघं येतायत. भावजींनी अंगण सारवलं, अंडी साठवली, काकड्या वेलावरच राखल्या. रस्सा मी करणार होते. सकाळी खोबरं भाजत होते, तर भावजी आमच्या मागल्या दारात, मान खाली.

"वैनी, तुमचा एक कोंबडा द्या की."

"आणि जावयाचा?"

"त्येची तब्येत बरी न्हाय."

"अहो, कापायचाच आहे ना? मग तब्येत कशाला बघताय!" मी पोट धरून हसले. भावजी हसले नाहीत. मी आमचा कोंबडा काढून दिला. जत्रेला राखलेला होता, जीव चरफडला माझा.

पंगत बसली. तांबड्या रश्श्यानं जावयाच्या नाकातोंडातून पाणी. "मामा, इतकी वर्सं माझ्या नावानं ठेवलेला, आनि लोन्यावानी मऊ हाय की!"

तेवढ्यात मागल्या परड्यातून, पालथ्या डालग्याखालून, खणखणीत बांग! कोंबडं झाकलं म्हणून आरवायचं राहतंय होय? मी तोंडात पदर कोंबला.

"मामा, ह्यो कुनाचा?"

"शेजारचा," भावजी म्हणाले आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

शालन हसली नाही. उठली, परड्यात जाऊन तिनं डालगं उचललं. तो एका डोळ्यानं तिच्याकडं बघत उभा राहिला.

"आबा, ह्याला कापला न्हाई तुम्ही?"

भावजी ताटातला रस्सा बोटानं फिरवत राहिले. मग म्हणाले, "कापला की फिटलं, पोरी. मग फुडल्या उन्हाळ्याला तुमास्नी काय म्हनून बलवू?"

जावयाचा घास हातातच राहिला. मला हसल्याची लाज वाटली.

माग सोमवारी सुरू करायचे होते, म्हणून दोघं संध्याकाळच्या एसटीनं गेली. काकड्या शालननं पदरात बांधून नेल्या. जाताना जावई कोंबड्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मामा, जपा ह्याला." भावजी एसटीची धूळ बसेपर्यंत रस्त्यावर उभे होते.

दुसऱ्या दिवशी पातेली आणायला गेले. अंगणात कोंबडा, कट्ट्यावर भावजी, शेजारी कालची शिळी भाकरी.

"वैनी, दमानं! जावयाचा कोंबडा..."

पातेल्यांचं राहू दिलं, कट्ट्यावर टेकले आणि कोंबड्याचं टिपून होईपर्यंत बसून राहिले. उन्हं पार डोक्यावर आली, तरी उठवेना मला.