निळ्या टबाचा बंपर

अबू ताहेर यांनी गाडी मागे घेतली आणि ती त्यांच्याच डब्यावर आदळली. ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून त्यांनी तो दारासमोर मांडला होता, दुसऱ्या कुणी तिथे गाडी लावू नये म्हणून. या डब्यापायी ते अम्मानच्या आमच्या उतरत्या गल्लीत सगळ्यांशी भांडून बसले होते. डब्याला साधा पोचा आला नाही. बंपर मात्र कडेपासून नंबरपट्टीपर्यंत तडकला.

हे झालं बुधवारी, आणि शुक्रवारी त्यांच्या मुलासाठी, ताहेरसाठी, मुलगी मागायला जाहा, म्हणजे वडीलधाऱ्यांचा ताफा, निघायचा होता. घराण्यातले सगळे वडीलधारे जाणार, आणि सर्वांत पुढे अबू ताहेर यांची पांढरी गाडी.

"नजर लागली," अबू ताहेर खाली उतरत म्हणाले. "मुंजिर, सकाळी गाडी काय चकाकतेय म्हणालास, त्यावर माशाअल्ला म्हणायला तुझी जीभ झिजली असती का रे?"

मुंजिर म्हणजे त्यांचा मेहुणा. "दाजी, माझ्या नजरेनं डबा सरकला का?" तो म्हणाला. "चला, माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे. संध्याकाळपर्यंत नवा बंपर बसवून देईल."

इथेच सगळं बिघडलं. अबू ताहेर यांनी आयुष्यात कुठलीही वस्तू बाहेर दुरुस्तीला दिली नव्हती. त्यांच्या घरातला पंखा, फ्रीज आणि नको नको म्हणणाऱ्या शेजाऱ्याचा कृत्रिम दातही त्यांनी स्वतः जोडला होता. ते छाती पुढे काढून म्हणाले, "या घरात हात असताना गॅरेजची पायरी चढायची? बंपर मी जोडणार."

"अहो, तिथे सगळ्यांसमोर गळून पडला तर?" त्यांची बायको उम्म ताहेर दारातून म्हणाल्या. "ज्याला बंपर सांभाळता येत नाही तो सून काय सांभाळणार, असं म्हणतील ते लोक. पोराचं लग्न आहे, खेळ नाही!"

"म्हणून तर दुसऱ्याच्या हाती देत नाही."

बंपर अंगणात उतरवला गेला. तडा पुढे सरकू नये म्हणून त्यांनी त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं. मग सोल्डरिंगची कांडी तापवून आतल्या बाजूने प्लास्टिक वितळवायला घेतलं. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. आता आतून तारेची जाळी दाबून बसवायची होती. जाळी घरात एकच होती, जमीद, म्हणजे सुकवलेलं दही, कालवून गाळायच्या चाळणीला. उम्म ताहेर शेजारी गेल्याची खात्री करून त्यांनी चाळणीचा मधला भाग कापला.

जाळी झकास बसली. तेवढ्यात मुंजिरने विचारलं, "दाजी, कांडी पार बाहेर आली की काय?" आली होती. तडा बुजला आणि त्याच्या जागी अंजिराएवढं भगदाड पडलं.

"भर घालावी लागेल," अबू ताहेर शांतपणे म्हणाले. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची जात सांगणारी दोन अक्षरं होती. ती अक्षरं शोधत त्यांनी अख्खं घर पालथं घातलं. खुर्ची उलटी केली, बादली उलटी केली, आणि शेवटी तांदूळ भिजवायच्या निळ्या टबाच्या बुडाशी तीच अक्षरं सापडली. उम्म ताहेर परतल्या तेव्हा टबाची अर्धी कड बंपरमध्ये गेली होती.

"माझा टब!" त्या ओरडल्या. मग त्यांना चाळणी दिसली आणि त्या खाली बसल्या.

जोड मात्र दगडासारखा झाला. अबू ताहेर यांनी त्यावर मूठ मारली, गुडघा दिला, मुंजिरला उभंसुद्धा केलं. काही हललं नाही. फक्त पांढऱ्या बंपरवर निळा पट्टा उठून दिसत होता. फ्रीजचा उरलेला पांढरा रंग फासला, तर वाऱ्याने आणलेली धूळ त्याला चिकटली. शेवटी त्यांनी रंग खरवडून काढला आणि जाहीर केलं, "निळा रंग मुद्दाम ठेवलाय. नजर लागत नाही."

शुक्रवारी जाहा निघाली. मुलीचे वडील हाजी वसफी यांची गल्लीही आमच्यासारखीच उताराची. पाहुण्यांच्या पहिल्या गाडीसाठी त्यांनी जागा धरून ठेवली होती. कशाने? सिमेंट भरलेल्या रंगाच्या गोल डब्याने. तो त्यांनी जरासा बाजूला सरकवला होता, पण अबू ताहेर यांचं लक्ष गर्दीला निळा पट्टा दिसतोय ना, इकडे होतं. गाडी मागे गेली आणि धाडकन आवाज झाला.

सगळे उतरले. उम्म ताहेर यांनी डोळे मिटून घेतले. अबू ताहेर वाकले, बंपरवरून हात फिरवला आणि सरळ उभे राहिले. "बघा!" ते म्हणाले. "ओरखडासुद्धा नाही!"

डबा मात्र आडवा झाला होता. तो गोल असल्यामुळे उतारावरून गडगडत निघाला. हाजी वसफींची चंदेरी गाडी खाली उभी होती. तिच्या बंपरचे सरळ दोन भाग झाले.

ताहेरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. हाजी वसफी तुटक्या बंपरकडे बघत राहिले, मग निळ्या पट्ट्याकडे, आणि एवढंच म्हणाले, "आत चला."

बायका आतल्या खोलीत गेल्या, पुरुष दिवाणखान्यात बसले. कॉफी आली. घराण्यातले सर्वांत थोरले अबू नवाफ काका यांनी रिवाजाप्रमाणे पेला न पिता खाली ठेवला. "आम्ही मागायला आलोय ते मिळाल्याशिवाय ही कॉफी पिणार नाही," ते म्हणाले. "आमच्या ताहेरसाठी तुमची हनीन द्या."

हाजी वसफींनी मान डोलावली. "हनीन तुमचीच," ते म्हणाले. "कॉफी प्या."

सगळ्यांनी पेले उचलले. तोच हाजी वसफींनी आपला पेला खाली ठेवला. "आता माझं मागणं. तेवढं मिळाल्याशिवाय मीही पिणार नाही."

पेले पुन्हा खाली आले.

"माझा बंपर," हाजी म्हणाले. "आणि गॅरेजवाला नको. डब्यावर आदळूनही ज्याचा बंपर शाबूत राहिला, त्यानेच जोडून द्यायचा."

मुंजिर छताकडे बघू लागला. अबू ताहेर मात्र उठून उभे राहिले. जमलेल्या साऱ्या वडीलधाऱ्यांसमोर, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा, कुणीतरी स्वतःहून त्यांच्याकडे दुरुस्तीला वस्तू दिली होती. त्यांचे डोळे भरून आले. "तुमचा शब्द डोक्यावर, डोळ्यांवर!" ते म्हणाले. "उद्या सकाळी हजर!"

आतल्या दाराचा पडदा हलला. उम्म ताहेर यांनी तोवर तिकडे सगळी हकिगत सांगितली असावी, कारण मुलीच्या आईचा आवाज काळजीने आला, "आमच्याकडे निळा टब नाही हो. हनीनच्या रुखवतातला लाल आहे, तो चालेल का?"

अबू ताहेर यांनी कॉफीचा घोट घेतला, पेला ठेवला आणि एखाद्या नामांकित डॉक्टरच्या थाटात म्हणाले, "आधी बुडाशी कोणती अक्षरं आहेत ते बघा. कुठल्याही टबाला मी हात लावत नाही."