स्नायूला विचारायचं नसतं

आठवीच्या विज्ञानाच्या बाईंना नोकरीत कायम व्हायला दोनच आठवडे उरले होते, आणि मुलांना मज्जापेशी काही केल्या कळत नव्हत्या.

"या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात रे," बाई म्हणाल्या. "मधे बारीकशी फट असते. एक पेशी फटीत रसायन सोडते, ते पलीकडचीला लागतं, मग ती जागी होते. चला, करूनच बघू."

बत्तीस मुलं हातभर अंतरावर उभी राहिली. प्रत्येकाजवळ कागदाचे बोळे. मागून बोळा लागला की आपला बोळा पुढच्याला मारायचा. रांग वर्गात मावेना, म्हणून दारातून व्हरांड्यात गेली आणि जिन्याखाली संपली. तिथे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी होती.

"तू स्नायू," बाई तिला म्हणाल्या. "बोळा लागला की ओढायचं."

"काय ओढायचं?"

पण बाई तोवर वर्गात परतल्या होत्या. मुलीने इकडेतिकडे पाहिलं. हाताशी शाळेच्या घंटेची दोरी होती.

बाईंनी पहिल्या मुलाला टोचल्यासारखं केलं. सपासप बोळे उडाले. टण्ण!

बाई दचकल्या, पण मुलं रंगात आली होती. पहिला मुलगा बोळ्यामागून बोळे सोडत होता, आणि जिन्याखाली घंटा थांबायला तयार नव्हती. सलग घंटा म्हणजे आग. वरचे वर्ग धडाधडा जिना उतरू लागले आणि बाई दारातच अडकल्या.

"थांबा! तिला थांबायला सांगा!"

"बाई, पेशी बोलत नाहीत," दारातला मुलगा गंभीरपणे म्हणाला.

बाईंनी घाईघाईने एका कागदावर 'थांब' लिहिलं, चोळामोळा केला आणि त्याच मुलाला मारला. बोळा उघडून कोण बघतो? बोळा लागला, एवढंच त्याला पुरे होतं. त्याने आपला बोळा पुढे सोडला, आणि जिन्याखाली आणखी एक टण्ण! बाईंनी कपाळावर हात मारला. थांबवणारी रसायनंही असतात, हे त्या उद्याच्या तासाला शिकवणार होत्या.

वाट काढत त्या जिन्याखाली पोचल्या तेव्हा अख्खी शाळा मैदानात होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोरीपाशी उभ्या होत्या.

"कोणी सांगितलं तुला घंटा वाजवायला?"

"मी स्नायू आहे," मुलगी धापा टाकत म्हणाली. "मला विचारायचं नसतं."

विज्ञानाच्या बाई घाईने पुढे झाल्या. गेली आपली नोकरी!

"माझा धडा होता," त्या कशाबशा म्हणाल्या. "चूक माझी."

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. "चार मिनिटांत शाळा रिकामी! दोन वर्षं मी सूचना काढतेय, एक वर्ग वेळेवर बाहेर येत नव्हता. यापुढे आगीचा सराव तुम्हीच घ्यायचा."

"आणि... कायम करण्याचं पत्र?"

"सही तर मी कालच केली. ऑफिसात विचारा."

बाई जवळजवळ पळतच ऑफिसात गेल्या. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"पत्र ना? माझ्याकडचं काम झालंय. आता त्या टेबलावर गेलं की शिक्का बसेल. आठवडाभर तरी लागेल हो."

बाईंनी दोन टेबलांमधलं अंतर पाहिलं. जेमतेम तीन पावलं होतं.