निकुंभ काका फ्रान्सची टेकडी चढतात

निकुंभ काकांनी आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी नारिंगी रंगवून घेतली, ती पांडवलेणीवरून ओळखू यावी म्हणून. गंगापूर रोडवर आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक कंपाउंडची भिंत आहे. रंगकाम चालू असताना मी भिंतीवरून विचारलं, "काका, टाकीला कोण रंग देतं?" ते म्हणाले, "लांबून दिसायला नको का?" किती लांबून, ते मला पुढच्या रविवारी कळलं.

पाहुणा आला की काका त्याला पांडवलेणीला नेतात; त्या रविवारी मलाही नेलं. पायऱ्या चढून दमलेला पाहुणा लेण्यांकडे वळतो, तोच काका त्याचा खांदा धरून त्याला उलटा फिरवतात. समोर सगळं नाशिक पसरलेलं असतं. "ती उंच बिल्डिंग सोडा. तिच्या डावीकडं या. आता झाडांचा पट्टा. त्याच्या मागं. दिसली का?" पाहुणा डोळे बारीक करतो. तो हो म्हणेपर्यंत सुटका नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब आणि बुद्धमूर्ती पाठीमागे ताटकळत उभ्या. एकदा पुण्याहून आलेल्या साडूंनी आत काय कोरलंय असं विचारलं, तर काका म्हणाले, "ते कुठं पळून जातंय? ऊन चढलं की टाकी दिसत नाही."

काका मूळचे सटाण्याकडचे. नोकरी एका कॉलेजच्या ऑफिसात, हेडक्लार्क म्हणून निवृत्त. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे असतील, पण सगळी कॉलनी त्यांना काकाच म्हणते. बोलणं शहरी झालंय; मात्र पोटातलं काही बोलायचं झालं की अहिराणी बाहेर येते.

टाकीखालचा वरचा मजला त्यांनी मुलासाठी बांधलाय. प्रशांत त्याचं नाव, एकुलता एक. तो वाइन बनवायचं शास्त्र शिकला आणि फ्रान्सला नोकरीला गेला. काका 'वाइन' हा शब्द उच्चारत नाहीत. "द्राक्षाच्या रसाचं काम आहे," असं सांगतात. "म्हणजे ज्यूस का?" कुणी विचारलंच, तर "त्याच्या जरा पुढचं."

प्रशांत दोन वर्षांसाठी म्हणून गेला होता, त्याला आता बरीच वर्षं झाली. मधे काकू गेल्या, तेव्हा येऊन गेला. वरचा मजला काका रोज झाडतात. तिथला गिझर बंद पडू नये म्हणून अधूनमधून चालू करतात आणि बादलीभर गरम पाणी जिन्यावरून खाली आणून स्वतःच अंघोळ करतात. "वस्तू वापरात पाहिजे," म्हणतात.

गेल्या वर्षी प्रशांतनं त्यांना बोलावलं, आणि एकट्यानं त्यांना जमणार नाही म्हणून मला सोबत यायची गळ घातली. माझी बायको म्हणाली, "जा. नाहीतर ते सगळ्या कॉलनीच्या टाक्या रंगवतील."

विमानात काकांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मी फिरायला चाललो नाहीये. त्याला परत बोलवायला चाललोय. असलं काही फोनवर बोलता येत नाही. समोर बसवून सांगणार."

"कधी सांगणार?"

"जागा बघून."

प्रशांत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. गावाच्या मागंच एक टेकडी, वर जुनी वस्ती. दगडी वेस, चर्च, पडक्या किल्ल्याचा बुरूज आणि अगदी टोकाला एक कठडा, जिथून सगळं खोरं दिसतं. आम्ही सकाळीच निघालो. काकांच्या अंगावर स्वेटर, त्यावर जाकीट, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी. एवढ्या कपड्यांतूनही टिप्पण्या चालूच होत्या.

वेशीखाली थांबून त्यांनी कमान खालून वर न्याहाळली. "एक फलक नाही. आपल्याकडं असती तर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टांगल्या असत्या."

चर्चच्या दारात त्यांनी बूट काढले. प्रशांत म्हणाला, "बाबा, इथं काढत नाहीत."

"देवाचंच घर आहे ना?" म्हणून काका त्या बर्फासारख्या फरशीवरून नुसत्या मोज्यांनी आत गेले. आत एक म्हातारी बाई मेणबत्त्यांचे स्टँड पुसत होती. तिनं आधी मोज्यांकडे बघितलं, मग प्रशांतकडे, आणि त्याला नावानं हाक मारून भरभर काहीतरी विचारलं. तोही तसाच भरभर बोलला. काका एकदा तिच्याकडे, एकदा मुलाकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणत होती?"

"तिचा लाकडी जिना दुरुस्त करून देणार होतो, त्याचं विचारत होती."

"तुला जिना दुरुस्त करता येतो?"

"इथं शिकलो."

"घरी तर तू कधी बल्ब बदलला नाहीस," काका म्हणाले आणि बूट घालायला खाली वाकले. लेस बांधायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बुरुजावर मात्र ते पुन्हा रंगात आले. भिंतीला एक फेरी मारून म्हणाले, "एकानंही बदाम काढून नाव कोरलेलं नाही. या गावात कुणाचं जमतं की नाही?" प्रशांत मोठ्यानं हसला. हसताना तो थेट काकूंसारखा दिसतो, हे तिथं माझ्या लक्षात आलं. काकांच्याही आलं असावं. त्यापुढं कठड्यापर्यंत ते त्याच्याकडंच बघत चालले.

कठड्याजवळ एक बाक होता. काकांनी मला डोळ्यांनी खुणावलं. म्हणजे जागा ही. मी थोडा बाजूला सरकलो, पण सगळं ऐकू येत होतं. खाली उतारावर द्राक्षांच्या बागा विंचरून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. काकांनी मफलर सैल केला, घसा साफ केला. "प्रशांत, मला तुझ्याशी..."

"बाबा, आधी मला तुम्हाला एक दाखवायचंय." त्यानं त्यांच्या खांद्याला धरून त्यांना जरा डावीकडं वळवलं. "तो नदीवरचा पूल बघा. त्याच्या अलीकडं अक्रोडाचं मोठं झाड. त्याला लागून लाल कौलांचं छोटं घर आहे."

"हं."

"ते मी घेतलंय. पुढच्या महिन्यात राहायला जाईन. फोनवर तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं."

काका बघत राहिले. मला वाटलं, आता हे चिडतील, किंवा खाली बसतील. वारा सुटला होता. प्रशांतचा हात अजून त्यांच्या खांद्यावरच होता.

"कौलं गळतात का?" त्यांनी विचारलं.

"बदलून घेतली."

"पाणी?"

"चोवीस तास असतं."

"शेजार कसा आहे?"

"ती चर्चमधली बाई शेजारीच राहते."

काका एकेका उत्तराला मान हलवत होते. मग त्यांचा आवाज बदलला आणि अहिराणी बाहेर आली. "चांगलं शे," ते म्हणाले. "आठे तुले चांगलं शे, बेटा."

प्रशांतनं मान खाली घातली. मग म्हणाला, "तुम्ही काहीतरी सांगत होता."

"काही नाही. थंडी फार आहे, म्हणत होतो."

खाली उतरल्यावर त्यांनी ते घर बघायचाच हट्ट धरला. प्रत्येक नळ सोडून बघितला, खिडक्या उघडून परत लावल्या. बाहेरच्या खोलीत मोकळ्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाले, "तुझ्या आईला इथं लाव. सकाळचं ऊन येतं."

नाशिकला आल्यावर एका दुपारी ते चहाला आले. बायकोनं विचारलं, "मग प्रशांत कधी येतोय काका?"

"त्याला तिकडची हवा मानवलीय," काका म्हणाले.

ती आत गेल्यावर मला राहवलं नाही. "काका, तुम्ही त्याला एकदा विचारायचं तरी."

त्यांनी कप बशीत ठेवला. "लहानपणी त्याला दमा होता," ते म्हणाले. "थंडी पडली की रात्ररात्र खोकायचा. आडवं केलं की जास्तच. मग ही त्याला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायची. मी पाणी गरम करून आणायचो. दुसरं काय करणार? आपण तिथं होतो तेवढे दिवस, त्या तसल्या थंडीत, तो खोकला नाही. तुम्हाला आला का आवाज कधी?"

"नाही."

"मलाही नाही. मी कान लावून होतो."

त्यांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. वर साय धरली तरी बशी तशीच हातात धरून बसले होते.