आधी अफू की आधी वेड?

मी उज्जैनच्या इस्पितळात लेडी डॉक्टर म्हणून रुजू व्हायला गेले त्या सकाळी व्हरांड्यातून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ समोर आले. कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. माझ्या हातातल्या नेमणुकीच्या कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, "बाई, जरा उजेडात या."

मी उजेडात गेले. त्यांनी माझ्या डोळ्यांवर तळहाताची सावली धरली, काढली, पुन्हा धरली.

"ठीक. बाहुल्या लहानमोठ्या होतात. तुम्ही अफू खात नाही. बसा, चाय मागवतो."

हे डॉ. गजानन पोतनीस. पुढे कळलं की ही तपासणी काही फक्त माझ्या वाट्याला आली नव्हती. पोस्टमन, तांगेवाला, फ्रीगंजातला कापडवाला, दौऱ्यावर आलेला कलेक्टर, सगळे एकदा तरी उजेडात जाऊन आले होते. अफू खाणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुली बारीक होते, ती माणसाच्या जिभेसारखी खोटं बोलत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. आणि माळव्यात अफूला काय तोटा? शेतात पिकायची, दुकानात मिळायची, पाहुण्याच्या हातावर ठेवायची. डॉक्टरांचं घराणं जुन्या दरबारी चाकरीतलं. ते स्वतःच म्हणायचे, "आमच्या पूर्वजांनी सांभाळलेला खजिना तो काय आहे ना बाई, रुपयाचा कमी आणि अफूचा जास्ती. मी ते उलटं फेडतो आहे."

माधवनगरातल्या एका वकिलांकडे मुलीचं लग्न होतं. डॉक्टर आहेर द्यायला गेले आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्या मुलाला हात धरून मंडपाच्या कडेला घेऊन आले. त्याच्या डोळ्यांत बघून मोठ्यानं ओरडले, "मोहरी! एकदम मोहरी!" आचाऱ्याला वाटलं फोडणीसाठी मागताहेत, तो डबा घेऊन धावत आला. वकिलांनी डॉक्टरांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि लग्न लावलं. पुढच्या वर्षी मुलगी माहेरी परत आली, कायमची. वकील डॉक्टरांशी पुन्हा कधी बोलले नाहीत. डॉक्टर खोटे ठरले असते तर कदाचित बोलले असते.

इस्पितळात वेड्यांवर उपचार तेच करत, म्हणून गावात त्यांना 'पागल का डाक्टर' म्हणत. बोलता बोलता मधला 'का' गळला आणि उरलं 'पागल डाक्टर.' त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना वाटायचं ते फक्त एका प्रश्नाचं. अफूनं माणूस वेडा होतो, की वेडा होऊ लागलेला माणूस अफूकडे वळतो? "बाई, सांगा मला, आधी अफू की आधी वेड? हे जोवर कळत नाही तोवर आपण बिलकुल आंधळ्यासारखं औषध देतो. बरोबर की नाही?" हा प्रश्न ते माझ्यासारख्या डॉक्टरला विचारत तसा बँकेच्या मॅनेजरलाही विचारत, आणि दारात उभ्या राहिलेल्या दूधवाल्यालाही. दूधवाला म्हणायचा, "साब, दूध लेना है के नी?"

इस्पितळाच्या टोकाला चादरी ठेवायची एक खोली होती. ती डॉक्टरांनी मागून घेतली, तिथे खाटा टाकल्या आणि 'संशोधन' सुरू केलं. यासाठी मदत मिळावी म्हणून त्यांनी वर अर्ज केला. त्या काळात राज्यंच जागेवर नव्हती. आमचं संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. डॉक्टरांचा अर्ज ग्वाल्हेरला पोचला तेव्हा सरकार इंदूरला निघालं होतं, आणि इंदूरला पोचला तेव्हा सरकार परतलं होतं. "माझी फाईल माझ्यापेक्षा जास्ती हवा खाऊन आली," ते म्हणायचे. मग एक दिवस मध्यभारतच उरला नाही, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. तिथून कळवलं गेलं की आपण ज्या राज्याकडे अर्ज केला आहे ते आता अस्तित्वात नाही. डॉक्टर दिवसभर हसत होते. संध्याकाळी त्यांनी नवा अर्ज लिहायला घेतला.

दुसऱ्याला सवय सोडायला सांगणाऱ्यानं आपणही काहीतरी सोडून बघितलं पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी चहा सोडला. आमच्यावर संकटच कोसळलं. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागलं, नर्सला रडवलं, एका पेशंटच्या नातेवाइकावर खडूस म्हणून ओरडले. मी चहा प्यायला लागले की दारात येऊन उभे राहायचे आणि नुसता वास घ्यायचे. "चहाशिवाय हा पोतनीस कोण आहे ते बघतो आहे," म्हणाले. "काही चांगला माणूस नाही वाटत." थोड्याच दिवसांत ते स्टेशनजवळच्या हॉटेलात सापडले, समोर रिकाम्या कपांची रांग. मला बघून शाळकरी पोरासारखे उभे राहिले. "पेशंट म्हणून मी एकदम फालतू निघालो, बाई."

अशा वेळी गोवर्धन आला.

गोवर्धन भैरवगढचा छीपा, म्हणजे लाकडी ठप्प्यांनी कापडावर छपाई करणारा. मनगटापर्यंत हात निळे. लहानपणापासून अफू. अबोल, मंद, पण त्याच्या हातची चादर सराफ्यातल्या शेठाण्या नावानं मागत. त्याची बायको पार्वती त्याला घेऊन आली. अफूची दुकानं आता बंद होत जाणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. उद्या अफू मिळेनाशी झाली तर हा माणूस तडफडून मरेल अशी तिला धास्ती. "साब, इनकी अफीम छुड़ा दो. और कुछ नी चाहिए."

डॉक्टरांना असा पेशंट कधी मिळाला नव्हता. रोज थोडी थोडी अफू कमी करत नेली. गोवर्धनचं अंग मोडून यायचं, नाकाडोळ्यांतून पाणी गळायचं, पोटात कळा यायच्या. डॉक्टर त्याच्या खाटेवर बसून स्वतः त्याचे पाय चेपायचे. आणि खरोखरच एक दिवस अफू सुटली. गोवर्धन ताठ चालायला लागला. जेवण मागून घ्यायला लागला. एकदा चक्क गाणं म्हणाला. पार्वतीनं सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. डॉक्टरांनी दिसेल त्याला हात धरून गोवर्धनच्या खाटेपाशी आणलं. "बघा! हे बघा माणूस!"

मग गोवर्धन गप्प झाला. जेवता जेवता थांबायचा, मान तिरकी करायचा, जणू शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारतंय. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथेच होते.

"कौन बोलता है, गोवर्धन?"

"ठप्पे बोलते हैं, साब. गाली देते हैं. कहते हैं, तू मर जा."

"कब से?"

त्यानं डॉक्टरांकडे अशा नजरेनं बघितलं की जणू वाईट बातमी त्यालाच डॉक्टरांना सांगायची होती. "बचपन से. अफीम खाता था तो चुप रहते थे."

डॉक्टर व्हरांड्यात आले. आयुष्यभर विचारत आलेल्या प्रश्नाचं, निदान एका माणसापुरतं, उत्तर मिळालं होतं. आधी वेड. अफू नंतरची, आणि अफूच त्याचं औषध होती. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यावर आनंद होता. अगदी एक क्षणभर, पण होता. मग तो गेला.

गोवर्धन अफू मागू लागला. जास्त नको, थोडीशी. मी डॉक्टरांना म्हटलं, "द्या त्याला."

"आत्ता दिली तर सगळं पुसून जाईल, बाई. परदेशात वेडावर नवी गोळी निघाली आहे, मी लिहिलं आहे वर. तोवर सर्पगंधा देऊन बघू. फक्त थोडे दिवस. मला बघू द्या."

"तुम्हाला बघायचंय. त्याला सोसवत नाहीये."

"थोडे दिवस," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

सर्पगंधेनं गोवर्धनला गुंगी आली, आवाज काही गेले नाहीत. उलट तो आणखी खचत गेला. भोपाळहून गोळी आली नाही. एका दुपारी, इस्पितळ जेवून सुस्तावलेलं असताना, तो वॉर्डातून उठला आणि चालत भैरवगढला गेला. घरी नाही, क्षिप्रेवर. कापड धुणाऱ्या बायकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

पार्वती दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे न्यायला आली. मला वाटलं होतं ती आकांत करील, शिव्या देईल. डॉक्टर तिच्यासमोर उभे राहिले, तेही बहुधा त्याचीच वाट पाहत होते. तिनं गाठोडं बांधलं आणि नुसतं एवढंच म्हणाली, "अफीम वाला ही अच्छा था, साब. घर में तो था."

"हो," डॉक्टर मराठीत म्हणाले.

खरी थट्टा त्यानंतर झाली. नव्या राज्याचे एक बडे अधिकारी इस्पितळ बघायला आले. अफू सुटलेला पेशंट म्हणून गोवर्धनची नोंद वर गेली होती. सगळ्यांना जमवून, हार घालून, त्यांनी डॉक्टरांचं अभिनंदन केलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. डॉक्टर उभे राहिले. "त्याची अफू सुटली, हे खरं आहे. मग तो मेला. तो माझ्याकडे औषध मागत होता, आणि मला त्याच्याकडून उत्तर पाहिजे होतं." हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि ते बाहेर गेले. साहेबांनी आमच्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं. काही लोक हसले.

चादरींची खोली पुन्हा चादरींना मिळाली. डॉक्टर ओ.पी.डी.त बसत, खोकला-ताप बघत, कुणाला काही विचारत नसत. त्यांच्या घरी पहिल्यापासूनच कुणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं, बहीण होती ती पुण्याकडे. आता इस्पितळातही ते एकटेच असल्यासारखे वावरत. अफूची दुकानं बंद झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, साहेब, तुमच्या मनासारखं झालं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या हिवाळ्यात देवीच्या लशीसाठी मी भैरवगढला गेले. सकाळची वेळ. घाटावर छपाईच्या कापडांचं धुणं चाललं होतं. लांबलचक चादर वाहत्या पाण्यात धुवायची म्हणजे दोन टोकांना दोन माणसं लागतात. एका टोकाला पार्वती होती. दुसऱ्या टोकाला, धोतर मांडीपर्यंत खोचून, गुडघाभर थंड पाण्यात पोतनीस डॉक्टर उभे होते.

शेजारच्या बाईला मी हळूच विचारलं. ती म्हणाली, "हर इतवार आते हैं. पहले तो ये बोलती भी नी थी इनसे."

अजूनही फार बोलत होती असं नाही. डॉक्टरांना ते काम मुळीच जमत नव्हतं. कापडाला ओढ लागली की ते घाबरून टोक घट्ट आवळत, आणि चादर तिरकी होऊन गाळात जाई.

"खींचो मत, साब," पार्वती म्हणाली. "ढीला छोड़ो. पानी ले जाएगा, फिर वापस आएगा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि हात सैल केले. चादर पाण्यावर पसरली. तिच्यातला निळा रंग सुटून त्यांच्या पायांभोवतीनं वाहत गेला. ते पार्वतीकडे बघत होते, ती पुढे काय सांगते त्याची वाट बघत.

मी लशीची पेटी उचलली आणि दुसऱ्या वाटेनं गावात गेले.